पाच गोळ्या द्या

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर बिलबुकाशेजारी एक कात्री असते. बावीस वर्षांपूर्वी नाशिकच्या सिडकोत दुकान टाकलं, तेव्हा मालाची खोकी फोडायला म्हणून ती आणली होती. आता ती दिवसभर एकच काम करते, गोळ्यांची पाकिटं कापते.

संध्याकाळी अंबडच्या कंपन्या सुटल्या की गर्दी सुरू होते. "भाऊ, बीपीच्या पाच द्या." "शुगरच्या चारच द्या, दहा तारखेला पगार झाला की पूर्ण पाकीट नेतो." पाकिटाच्या ज्या टोकाला एक्स्पायरीची तारीख छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राखायचं आणि दुसऱ्या टोकाकडून कापत यायचं, ही या धंद्यातली पहिली शिकवण. त्यामुळे सुरुवातीला नेणाऱ्याच्या हातात जो तुकडा पडतो त्यावर ना तारीख असते ना बॅच नंबर. कधी कधी औषधाचं नावही अर्धंच आलेलं असतं. तो तुकडा मोबाइलच्या कव्हरमध्ये जातो, तंबाखूच्या पुडीशेजारी खिशात जातो, बटव्यातल्या सुट्या नाण्यांत जातो. पाच दिवसांच्या पाच गोळ्या. सहाव्या दिवशी माणूस परत यायला हवा. तो नवव्या दिवशी येतो, पंधराव्या दिवशी येतो, कधी दीड महिन्याने येतो. मी वहीत मागची तारीख बघतो, आणि मी काही बोलायच्या आत तोच सांगतो, "मध्ये गोळ्या तुटल्या होत्या."

हे गोळ्या तुटणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार वाढले म्हणून आपल्याकडे जेवढं लिहिलं-बोललं जातं त्यातलं बहुतेक सगळं माणसाच्या ताटाभोवती आणि त्याच्या आळसाभोवती फिरतं. गोड किती खाता, तेलकट किती खाता, चालायला जाता का. हे प्रश्न खोटे नाहीत. पण रोज शंभर-सव्वाशे माणसांच्या चिठ्ठ्या हाताखालून गेल्यावर मी ठामपणे म्हणतो, आपल्यासारख्या देशात या आजारांनी माणसं अकाली जातात त्याचं मोठं कारण त्या तुटलेल्या दिवसांत आहे. आणि ते दिवस भरून काढणं एकट्या रोग्याच्या हातात नाही.

आधी आकडे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर वर्षी चार कोटींहून अधिक माणसं हृदयविकार, पक्षाघात, कॅन्सर, मधुमेह, फुप्फुसांचे जुनाट विकार अशा असंसर्गजन्य आजारांनी जातात. त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. सत्तरीच्या आत गेलेल्यांचा वेगळा हिशेब मांडला तर दहातले आठ जण आपल्यासारख्या देशांतले निघतात. भारतात १९९० साली एकूण मृत्यूंत या आजारांचा वाटा ३७.९ टक्के होता; २०१६पर्यंत तो ६१.८ टक्क्यांवर गेला. २०२३मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडियाब या मधुमेह पाहणीचे देशभराचे निष्कर्ष आले. त्यानुसार १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे.

मला हे आकडे वाचायच्या आधीच माझ्या कपाटांनी सांगितले होते. दुकान टाकलं तेव्हा हाताशी असलेल्या खणांत तापाच्या गोळ्या, अँटिबायोटिक, खोकल्याची औषधं, जुलाबाची पावडर असायची. आज हात पुढे केला की लागतात ती शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉलची औषधं: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन. तापाची औषधं मागच्या खणांत गेली. पूर्वी गिऱ्हाईक पाच दिवसांचा कोर्स घेऊन जायचं आणि बरं व्हायचं. आताचं गिऱ्हाईक बरं होत नाही. ते आयुष्यभर माझं गिऱ्हाईक असतं, किंवा असायला हवं.

या आजारांना आपण जीवनशैलीचे आजार म्हणतो, तो शब्द मला खटकतो. शैली म्हटली की निवड आली. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर पहाटे चालायला येणारी माणसं मी पाहतो. त्यांचं कौतुकच आहे, त्यांच्यातले कित्येक स्वतःचा रक्तदाब घरच्या मशीनवर मोजून वहीत लिहितात. पण आठवडाआड रात्रपाळी करणारा, प्रेस मशीनवर बारा तास उभा राहणारा, सुट्टीच्या वेळी टपरीवर चहा-पाव खाऊन पोट मारणारा माझा गिऱ्हाईक नेमकी कुठली शैली निवडतो? पाळी कधी लागणार हे त्याला ठेकेदार सांगतो. झोप त्याच्या हातात नाही, जेवणाची वेळ त्याच्या हातात नाही. त्याला 'जीवनशैली बदला' असं चिठ्ठीवर लिहून देणं म्हणजे त्याच्या आजाराचा सगळा दोष त्याच्याच पदरात घालणं.

आणि हा आजार खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचा आहे, ही समजूतही आता सोडायला हवी. इंडियाबच्याच २०१७मध्ये आलेल्या निष्कर्षांत एक गोष्ट स्पष्ट होती. महाराष्ट्र, तमिळनाडू, चंडीगडसारख्या सधन भागांतल्या शहरांत मधुमेहाचं प्रमाण वरच्या थरापेक्षा खालच्या आर्थिक थरात जास्त सापडलं. खेड्यांत अजून चित्र उलटं होतं, पण शहरांनी दिशा दाखवली. श्रीमंताचा म्हणून मिरवलेला आजार वस्तीत उतरला आहे.

"मी एवढा वाळका, मला कसली शुगर?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. त्याचं उत्तर पुण्यात सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनची साडेतीन किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला हडकुळी आणि आतून चरबीची. याज्ञिकांनी पुढे स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. म्हणजे ज्या आजाराची सुरुवात आईच्या पोटात झाली त्याचा जाब आपण पन्नाशीच्या माणसाला विचारतो आहोत.

इथे मला सारखा बहात्तरचा दुष्काळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांच्या रक्तातली साखर मोठेपणी इतरांपेक्षा नीट आटोक्यात राहत नव्हती, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे त्या दुष्काळात गरोदर बायका खडी फोडायला गेल्या, सुकडी खाऊन राहिल्या. सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवडकडची त्या साली जन्मलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून माझ्या काउंटरवर उभी आहेत. त्यांना 'तुम्ही आयुष्यभर काय खाल्लं?' असं विचारण्याआधी, त्यांच्या आईला काय खायला मिळालं होतं, हे विचारायला नको?

अन्नाबद्दल एवढंच सांगतो. सुरगाणा-पेठकडे माझी सासुरवाड आहे. तिथे नागलीची भाकरी, उडदाची डाळ, वरईचा भात हे रोजचं जेवण होतं. आता रेशनचा तांदूळ आणि गहू घरात आला आहे. रेशनमुळे कुणी उपाशी झोपत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पण २०२२च्या दिवाळीला सरकारने शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला, त्या पिशवीत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल होतं. सणासाठी ते ठीकच होतं. मला एवढंच विचारायचं आहे की ज्या जिल्ह्यात नागली पिकते तिथे ती सरकारी पिशवीत का नसावी? लोकांच्या ताटात काय पडतं ते बरंचसं वरून ठरतं, मग त्याला त्यांची शैली का म्हणायचं?

कायद्याने हे बदलता येतं, याचा पुरावाही आपल्याकडे आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१मध्ये ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२मध्ये २ टक्क्यांवर आणली. वनस्पती तुपात केलेली खारी खाणाऱ्या माणसाला त्यासाठी कुणी भाषण दिलं नाही, नियम बदलला. चिलीने २०१६पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के छापायला लावले. आपल्याकडे तशा शिक्क्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे.

पण मला परत कात्रीकडे यायचं आहे. या सगळ्या वादात जी गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते ती तिथे आहे.

प्युअर नावाचा एक मोठा अभ्यास आहे. १७ देशांतल्या दीड लाखाहून अधिक लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून त्याचे निष्कर्ष २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली गोष्ट वाचून मी थबकलो होतो. हृदयविकाराला आमंत्रण देणारी कारणं श्रीमंत देशांतल्या लोकांत सर्वांत जास्त होती आणि गरीब देशांतल्या लोकांत सर्वांत कमी. तरीही हृदयविकार, पक्षाघात यांचे गंभीर झटके आणि त्यातले मृत्यू गरीब देशांतच जास्त झाले. झटका आलेल्यांपैकी श्रीमंत देशांत ६.५ टक्के दगावले, गरीब देशांत १७.३ टक्के. या अभ्यासात भारत गरीब देशांच्या गटात होता. आता याच अभ्यासाचा २०११चा भाग बघा. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला होता अशा माणसांपैकी, पुढचा झटका टाळणाऱ्या साध्या, जुन्या, स्वस्त औषधांतलं एकही औषध न घेणारे श्रीमंत देशांत ११ टक्के होते आणि गरीब देशांत ८० टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की ताटाभोवती फिरणारी चर्चा अपुरी वाटायला लागते. आपण कमी पाप करतो आणि जास्त शिक्षा भोगतो. मधला फरक गोळीचा आहे.

आमच्या मागच्या गल्लीत एक वेल्डिंग करणारे गृहस्थ राहायचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. रक्तदाबाची गोळी ते माझ्याकडून पाच-पाचच न्यायचे. पैसे नव्हते असं नाही. पण ज्या आजारात काही दुखत नाही त्यासाठी एका वेळी तीस गोळ्यांचे पैसे मोजायला हात पुढे येत नाही. मुलीच्या लग्नाच्या धावपळीत गोळ्या तुटल्या. लग्नानंतर दोन महिन्यांनी त्यांना हार्ट अटॅक आला. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसली आणि घरच्यांना एक रुपयाही भरावा लागला नाही. ही योजना नसती तर त्या घराने सावकाराचं दार ठोठावलं असतं, यात शंका नाही.

योजनेत डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं मिळतात. अकराव्या दिवशी त्यांचा मुलगा सहा औषधांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. महिन्याचा हिशेब ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, यातल्या महत्त्वाच्या कुठल्या तेवढ्या सांगा, त्या आधी घेतो." मी म्हटलं, सगळ्याच महत्त्वाच्या. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी तुटली तर ती स्टेंटच बुजू शकते, हेही सांगितलं. त्या दिवशी त्याने सगळी औषधं नेली, दहा दिवसांची. पुढच्या खेपेला चारच औषधं नेली. मग मामा स्वतः येऊ लागले आणि पुन्हा पाच-पाचवर आलं. दुसरा झटका सात महिन्यांनी पहाटे आला, दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळाला नाही. माझ्या वहीत त्यांची शेवटची खरेदी सतरा दिवस आधीची आहे, पाच गोळ्यांची.

छातीत स्टेंट बसवायला सरकारकडे पैसा आहे, आणि तो आहे हे बरंच आहे. पण जी गोळी चालू असती तर कदाचित ती स्टेंट लागलीच नसती, त्या गोळीसाठी मामांच्या पाठीशी कुणी नव्हतं. हिशेब करून बघा. रक्तदाबाची साधी गोळी किरकोळ भावाने दिवसाला तीन रुपये धरली तर वर्षाला अकराशे रुपयेही होत नाहीत, तीस वर्षांचे तेहतीस हजारांच्या आत बसतात. सरकार घाऊक खरेदी करतं, त्याला हा खर्च याहून कितीतरी कमी येईल. तिकडे मूत्रपिंड निकामी झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, तेही आयुष्यभर. २०१६पासून जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो आणि तिथे खुर्च्या रिकाम्या नसतात. त्या खुर्चीवर बसलेल्यांपैकी पुष्कळांची सुरुवात तुटलेल्या गोळ्यांतूनच झालेली असते.

यावर नेहमी येणारं उत्तर मला ठाऊक आहे: सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकटच मिळतात, लोकच जात नाहीत. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचार मोफत झाले आहेत, हे खरं आहे. तिशीवरच्या प्रत्येकाची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे, आशाताई घरोघरी जाऊन अर्ज भरतात, हेही खरं. पण बाह्यरुग्ण विभाग सकाळी भरतो. सकाळी नऊ ते दुपारपर्यंत जो माणूस रांगेत उभा राहू शकतो त्याचा एकतर रोजगार बुडालेला असतो किंवा त्याला रोजगारच नसतो. अर्ध्या दिवसाची मजुरी घालवून मिळालेल्या पंधरा दिवसांच्या फुकट गोळ्या त्याला माझ्या पाच विकतच्या गोळ्यांपेक्षा महाग पडतात. त्यात एखादं औषध संपलेलं असलं की "बाहेरून घ्या" म्हणतात. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो तिकडे फिरकत नाही. देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०२१-२२ साली ३९.४ टक्के होता. पूर्वीपेक्षा तो बराच उतरला आहे, पण ज्याला रोज गोळी घ्यायची आहे त्याच्या खिशाला हा फरक अजून फारसा जाणवत नाही.

आणि शिबिरं! आमच्या भागात कुणाचा वाढदिवस असला की मोफत शुगर-बीपी तपासणी शिबिर असतं. मंडप, फ्लेक्स, खुर्च्या, बोटाला सुई टोचणारी नर्सिंगची मुलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दहा-बारा माणसं चिठोरा घेऊन येतात. "भाऊ, दोनशे ऐंशी निघाली, काय करू?" ज्यांनी मंडप घातला ते तोवर तो सोडून घेऊन गेलेले असतात. शिबिर म्हणजे एक दिवस, आणि हा आजार तीस-चाळीस वर्षांचा. शोधून काढलेल्या माणसाला पुढे कुणी विचारणारं नसेल तर त्याच्या वाट्याला फक्त भीती येते. त्या भीतीपोटीच तो 'मुळासकट शुगर घालवा' अशा जाहिरातीतल्या पावडरीवर एका वेळी जेवढे पैसे खर्च करतो तेवढ्यात मेटफॉर्मिनचं वर्ष निघालं असतं.

आपली सगळी आरोग्यव्यवस्था प्रसंगासाठी उभी राहिली. साथ आली, पथक गेलं. बाळंतपण आलं, गाडी पाठवली. ऑपरेशन आलं, पॅकेज मंजूर झालं. ते सगळं हवंच आहे. पण मधुमेहाला प्रसंग नसतो, त्याला महिन्याची तारीख असते. या आजारात औषधाच्या जोडीला आठवणही लागते. कोण आलं नाही, का आलं नाही, त्याला फोन गेला का, हे विचारणारं कुणीतरी लागतं. आज ते काम शहरभर विखुरलेले माझ्यासारखे दुकानदार जमेल तसं करतात किंवा करत नाहीत.

हे सरकारला जमणार नाही, असं कुणी म्हणालं तर मी एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राकडे बोट दाखवीन. १ एप्रिल २००४पासून आपल्या देशात एचआयव्हीची औषधं मोफत सुरू झाली. तेव्हाही जाणकार म्हणत होते, अडाणी-गरीब माणूस जन्मभर रोज गोळी कशी घेईल? घेतली. कारण तिथे समुपदेशक बसवला, कार्ड दिलं, पुढची तारीख ठरवून दिली, न येणाऱ्याचा शोध घेतला, दुसऱ्या गावी गेला तर त्याचं नाव तिथल्या केंद्रात वर्ग केलं. टीबीचंही तसंच. पोषणासाठी रोग्याच्या खात्यात २०१८पासून महिन्याला ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४पासून १००० रुपये जमा होतात. ज्या आजारांची भीती समाजाला वाटली तिथे व्यवस्थेने माणसाचा पाठपुरावा केला. मधुमेह एकाचा दुसऱ्याला लागत नाही, म्हणून तो ज्याचा त्याचा राहिला. खरं तर मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका दोन-तीन पट असतो, म्हणजे या दोन आजारांमधली भिंत आपणच घातलेली आहे.

रक्तदाबातही हे जमतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. २०१७च्या अखेरीस पाच राज्यांतल्या काही जिल्ह्यांपासून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला त्यात आपले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्यांदा घेतले होते. त्यात चमत्कार काहीच नव्हता. सगळ्या डॉक्टरांनी ठरलेली तीच दोन-तीन औषधं ठरलेल्या क्रमाने द्यायची, त्यांचा साठा तुटू द्यायचा नाही, एका वेळी महिन्याच्या गोळ्या द्यायच्या, रक्तदाब नर्सने मोजायचा, आला नाही त्याला फोन करायचा. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने या कामाला पुरस्कार दिला. पुरस्कारापेक्षा मला त्यातलं 'साठा तुटू द्यायचा नाही' हे वाक्य मोलाचं वाटतं.

नाशिकपुरतं बोलायचं तर आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर मी अनेक वर्षं विचार करतो आहे. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून माणसं टोळ्यांनी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. छाटणी, पेस्ट लावणं, डिपिंग, विरळणी, मग तोडा. होळीपर्यंत घर बागेतच, झोपडीत. माझ्या चुलत सासूबाई अशा टोळीबरोबर अनेक वर्षं जायच्या. त्यांना शुगर निघाली ती गावाजवळच्या उपकेंद्रात, आशाताईंच्या यादीत नाव चढलं, गोळ्या सुरू झाल्या, पंधरा दिवसांच्या. त्या दिवाळीनंतर बागेत गेल्या. गावात आशाताई दार ठोठावून परत गेली, तिच्या वहीत 'स्थलांतरित' असं लिहिलं गेलं. बागेजवळच्या आरोग्य केंद्राच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. चार महिने गोळी नाही. बागेतल्या ओलीत अनवाणी उभं राहून पायाला काय टोचलं ते कळलंही नाही, कारण तोवर पायाची जाणीव गेलेली होती. होळीला घरी आल्यावर सुनेने पाय धुताना जखम पाहिली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली.

आज त्यांच्या रेशनकार्डावर दिंडोरीतही धान्य मिळतं. एक देश एक रेशनकार्ड झालं, अंगठा टेकवला की यंत्र ओळखतं. तांदूळ माणसामागे चालत जाऊ शकतो तर गोळी का नाही? कार्ड तेच, यंत्र तसंच, माणूसही तोच. आयुष्मान भारतचा आरोग्य क्रमांक २०२१पासून लोकांना देताहेत. त्या क्रमांकावर निफाडच्या केंद्रात पेठच्या बाईची गोळी मिळाली तर त्या क्रमांकाचा काही उपयोग झाला असं मी म्हणेन.

मी जे मागतो आहे ते फार मोठं नाही. ज्याची साखर, रक्तदाब स्थिर आहे त्याला सरकारी दवाखान्यातून एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात. महापालिकेच्या दवाखान्यांत आठवड्यातून निदान दोन दिवस संध्याकाळी, पाळी सुटण्याच्या वेळेला, फक्त बीपी-शुगरचा विभाग भरावा. अंबड-सातपूरच्या फाटकापासून चालत जाता येईल अशा जागी तो असावा. फुले योजनेत स्टेंट बसलेल्या माणसाला दहा दिवसांऐवजी निदान वर्षभर औषधं मिळावीत, कारण त्याशिवाय सरकारने स्टेंटवर घातलेला पैसाही वाया जातो. आणि आशाताईच्या वहीत 'स्थलांतरित' असा शेरा लिहिला गेला की तिथेच काम संपल्याचं न मानता पुढच्या केंद्राला फोन जावा.

आमच्या धंद्याकडूनही काही व्हायला हवं. "गोळी लागली की सवय लागते", "गोळ्यांनी किडनी जाते", "आता बरं वाटतंय म्हणून सोडली", हे रोज कानावर पडतं. किडनी गोळीने जात नाही, गोळी सोडल्यावर वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने जाते. हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि संध्याकाळच्या गर्दीत मी ती दोन मिनिटं कित्येकदा दिलेली नाहीत. गेल्या वर्षापासून मी एक केलं आहे. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर बीपी-शुगरचं पाकीट कापत नाही. पूर्ण पाकीट देतो, पैसे पगाराला घेतो, वहीत तारीख लिहितो, आणि त्या तारखेला माणूस आला नाही तर दुकानातला मुलगा फोन करतो. एक्केचाळीस घरं आहेत त्या वहीत. पैसे बुडाले असे तीनच. पण सिडकोतल्या एका दुकानाच्या वहीवर हा जिल्हा चालू शकत नाही.

चुलत सासूबाई आता बागेत जात नाहीत, त्यांची धाकटी जाऊबाई जाते. तिलाही शुगर निघाली आहे, दोन वर्षं झाली. यंदा मी तिला म्हटलं, जाण्याआधी नाशिकला ये, होळीपर्यंतच्या गोळ्या बांधून देतो. ती म्हणाली, "भाऊजी, मला द्याल. पण आमच्या टोळीत अजून चार जणी आहेत, त्यांना कोण देईल?" छाटणी ऑक्टोबरात सुरू होते. पिकअप गाड्या भरून निघतील तेव्हा कुणाच्या गाठोड्यात किती दिवसांच्या गोळ्या आहेत, हे आज तरी एकाही सरकारी वहीत लिहिलं जात नाही.